शाळेची हद्द कोण आंखतो?

जून महिना उजाडला म्हणजे आमच्या शाळेच्या कचेरीपुढील व्हरांड्यांत जें दृश्य दिसतें, तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. किंबहुना कित्येक जण त्या दृश्यांत स्वतः उभेच असतील. छत्री झटकीत उभे असलेले बाप, पदराखालीं दाखल्याचा कागद जपून धरलेल्या आया, आणि आपल्याविषयीं आंत काय ठरत आहे याची फारशी फिकीर नसलेलीं, भिंतीस टेकून उभीं राहिलेलीं मुलें. "सर, एक जागा वाढविली तर काय बिघडतें?" हा प्रश्न आम्हांस दर वर्षीं विचारण्यांत येतो. एका जागेनें कांहीं बिघडत नाहीं, हें खरें. परंतु वर्ग भरतो तो एका एका जागेनेंच; आणि तो भरून वाहूं लागला म्हणजे मागच्या बांकावरील मुलास फळा दिसत नाहीं व शिक्षकास तो मुलगा दिसत नाहीं.

आमच्याकडे हायस्कूल भरलें म्हणजे दार लागतें व पालक दुसऱ्या शाळेची वाट धरितात. पण जेथें दार लावण्याची शाळेस मुभाच नाहीं तेथें काय करीत असतील, हा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. तो आणून दिला आमच्या एका स्नेह्यांच्या पत्रानें. आमच्या कॉलेजांतील हे स्नेही कित्येक वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेरिलंड संस्थानांत जाऊन स्थायिक झाले. २०१९ सालच्या ऑगस्टअखेर त्यांचें पत्र आलें. (पत्र म्हणण्याची आमची जुनी संवय, संगणकावरून आलेला निरोप तो.) त्यांत त्यांनीं लिहिलें होतें कीं, "घर आहे तेथेंच आहे, शाळाही आहे तेथेंच आहे, पण ती शाळा आतां आमची राहणार नाहीं असें म्हणतात." त्यांची कन्या तेव्हां आठव्या इयत्तेंत नुकतीच गेली होती, व पुढील वर्षीं कोणत्या हायस्कुलांत जावयाचें हें तिनें आणि तिच्या मैत्रिणींनीं मनाशीं केव्हांच ठरवून ठेविलें होतें. ह्या पत्रामुळें आम्ही त्या प्रकरणाचा शोध घेऊं लागलों. तो आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

बाल्टिमोर व वॉशिंग्टन ह्या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध हॉवर्ड नांवाची एक काउंटी, म्हणजे लहानशा जिल्ह्यासारखा मुलूख आहे. क्षेत्रफळ सुमारें अडीचशें चौरस मैल. सन १९६० मध्यें तेथील लोकसंख्या अवघी ३६ हजारांच्या आसपास होती. २०२० च्या खानेसुमारींत ती ३ लक्ष ३२ हजारांवर गेली. शेतें व कुरणें मोडून घरें उठलीं तीं मुख्यतः पूर्वेकडे. पश्चिमेकडील भागांत सार्वजनिक नळाचें पाणी व सांडपाण्याची व्यवस्था नेऊं नये असें धोरण तेथील सरकारनें ठेविलें. त्यामुळें तेथें दाट वस्ती होऊं शकली नाहीं, शेतें टिकलीं आणि मोठमोठ्या आवारांचीं घरें तुरळक राहिलीं. नळ कोठपर्यंत न्यावा हा इंजिनियरांचा प्रश्न खरा, परंतु पन्नास वर्षांनीं कोणत्या वर्गांत किती मुलें बसतील हेंही त्यानेंच ठरविलें. २०१९ मध्यें त्या काउंटींत बारा सरकारी हायस्कुलें होतीं. पूर्वेकडील कांहीं शाळा मुलांनीं ओसंडून गेल्या होत्या, आणि पश्चिमेकडील कांहींमध्यें बांकें रिकामीं होतीं.

येथें त्यांच्या रीतीचा खुलासा करणें अवश्य आहे. त्या देशांत बहुतेक सरकारी शाळांस नेमून दिलेली हद्द असते. मूल कोणत्या शाळेंत जाईल हें त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरतें. फी नाहीं, प्रवेशपरीक्षा नाहीं, आणि मुख्याध्यापकांच्या दारीं खेटे घालणेंही नाहीं; हद्दींत राहणारा मुलगा दारांत आला कीं शाळेनें त्यास घेतलेंच पाहिजे. ही व्यवस्था ऐकावयास फार समाधानाची वाटते. परंतु तिचा दुसरा अर्थ असा कीं, शाळा भरली तरी मुलांचा ओघ थांबवितां येत नाहीं. मग मैदानावर लांकडी खोल्या आणून ठेवाव्या लागतात. ह्या खोल्या चाकांच्या गाडीवरून आणितात व 'तात्पुरत्या' म्हणून मांडितात. परंतु तात्पुरत्या म्हणून आलेल्या वस्तु कशा मुक्काम ठोकतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. खोल्या वाढल्या तरी जिने, प्रयोगशाळा, भोजनगृह व शौचकूप तेवढेच राहतात. तास बदलतांना मुलांची दाटी होते, आणि भोजनाच्या पाळ्या इतक्या लावाव्या लागतात कीं कांहीं मुलांचें दुपारचें जेवण सकाळींच उरकतें.

ह्यावर उपाय कोणते? नवी शाळा बांधावी हा पहिला. पण त्या काउंटींतील तेरावें हायस्कूल, जें पुढें जेसप येथें गिल्फर्ड पार्क ह्या नांवानें २०२३ मध्यें उघडलें, त्यास दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला. जागा मिळविणें, पैसा मंजूर होणें व बांधकाम उरकणें ह्यांत वर्षें गेलीं तीं निराळींच. दुसरा उपाय म्हणजे घरें बांधण्यासच आळा घालणें. हॉवर्ड काउंटींत तसा कायदा आहे: ज्या भागांतील शाळा ठराविक मर्यादेपलीकडे भरल्या असतील, तेथें नव्या वसाहतींस कांहीं वर्षें थांबावें लागतें. २०१८ मध्यें हा कायदा अधिक कडक करून हायस्कुलेंही त्याच्या कक्षेंत आणिलीं. तथापि मुलें नव्या घरांतूनच येतात असें नाहीं. म्हातारें जोडपें आपलें जुनें घर विकतें व तेथें तीन मुलांचें कुटुंब राहावयास येतें. ह्यास कोणता कायदा अडविणार? तेव्हां उरतो तिसरा उपाय. तो म्हणजे नकाशावरची रेघ पुसून ती दुसरीकडे काढणें. ह्यास पैसा सर्वांत कमी लागतो, आणि मनस्ताप सर्वांत जास्त होतो.

ही रेघ काढतात तरी कशी? समग्र काउंटीचे कित्येक लहान लहान बहुकोनी तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यांत आज किती मुलें आहेत व पांच-दहा वर्षांनीं किती होतील ह्याचा अदमास जन्मांची नोंद, घरांची विक्री व नवीं बांधकामें ह्यांवरून करितात, आणि मग एकेक तुकडा उचलून ह्या शाळेंतून त्या शाळेंत टाकून पाहतात. भूमितीच्या तासाला "ह्याचा उपयोग काय?" म्हणून विचारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या ठिकाणीं क्षणभर थांबावें. हॉवर्डच्या शाळामंडळाचा नियम असा कीं, शंभर जागांच्या मानानें शाळेंत नव्वदांहून कमी व एकशेंदहांहून अधिक मुलें नसावींत. दुसरा नियम असा कीं, एका शाळेंतून वर जाणारा मुलांचा गट नव्या शाळेच्या पटाच्या शेंकडा पंधराहून लहान असूं नये. कारण चार ओळखीचीं तोंडें बरोबर असलीं म्हणजे परक्या इमारतींत मूल हरवत नाहीं. तिसरा विचार, पायीं शाळेंत येऊं शकणाऱ्या मुलांस गाडींत बसवून दूर पाठवूं नये. असे पुष्कळ नियम आहेत. पण खुबी अशी कीं, ते सर्व एकदम पाळतां येत नाहींत. एक तुकडा हलविला कीं एक शाळा सुधारते, दुसरी भरते, आणि तिसरीच्या मुलांचा रस्ता दोन मैलांनीं लांबतो. गणितांतील समीकरणास उत्तर असतें. येथें केवळ निवड असते, आणि निवड करणाऱ्यास शिव्या खाव्या लागतात.

ह्या सर्वांत आणखी एक विचार आहे, व तोच अवघड. त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मेरिलंडमध्यें गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानें वेगळ्या असत. हॉवर्ड काउंटींत काळ्या मुलांसाठीं १९४९ मध्यें एक हायस्कूल निघालें. गुलामगिरीच्या अमदानींत कित्येकांस स्वातंत्र्याकडे नेणारी हॅरिएट टबमन ही बाई ह्याच संस्थानांत जन्मली, तिचें नांव त्या शाळेस दिलें होतें. १९५४ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अशी विभागणी बेकायदा ठरविली. तरीही ती काळ्यांची शाळा बंद होऊन सर्व मुलें एका छपराखालीं येण्यास १९६५ साल उजाडलें, म्हणजे निकालानंतर अकरा वर्षें लागलीं. पुढें दोनच वर्षांनीं, १९६७ मध्यें, जेम्स राउझ नांवाच्या एका बांधकाम व्यावसायिकानें त्या काउंटींत कोलंबिया हें नवें नगर वसविलें. त्याचा संकल्प असा कीं, गोरा व काळा, धनिक व सामान्य ह्या सर्वांचीं घरें एकाच खेड्यांत असावींत. त्यानें पत्रांच्या पेट्यादेखील दारोदार न लावतां एके ठिकाणीं लावविल्या, कीं त्या निमित्तानें शेजारी एकमेकांस भेटावेत! रस्त्यांस व वस्त्यांस कवि व लेखक ह्यांच्या कृतींवरून नांवें दिलीं, ह्याचें मराठीच्या शिक्षकास कौतुक वाटल्याखेरीज कसें राहील?

परंतु नगररचनाकार घरें शेजारीं शेजारीं बांधूं शकतो. पन्नास वर्षांनीं कोण कोठें राहील हें त्याच्या हातीं नसतें. पहिलीं खेडीं जुनीं झालीं, तेथील सदनिकांत कमी मिळकतीचीं कुटुंबें आलीं. पश्चिमेकडील नवीं घरें महाग झालीं. चिनी, कोरियन व हिंदी वंशाचीं सुशिक्षित कुटुंबें मोठ्या संख्येनें त्या काउंटींत आलीं, आणि त्यांनींही घर घेतांना शाळेचें नांव विचारूनच घेतलें. परिणाम असा झाला कीं, कांहीं हायस्कुलांत सरकारी सवलतीच्या जेवणास पात्र असणारीं मुलें मोठ्या संख्येनें, तर थोड्या मैलांवरील दुसऱ्या हायस्कुलांत तीं बोटांवर मोजण्याइतकीं.

अशा स्थितींत २०१९ सालच्या ऑगस्टच्या २२ तारखेस तेथील शाळाखात्याचे मुख्य अधिकारी मायकेल मार्टिरानो ह्यांनीं आपला नकाशा मंडळापुढें ठेविला. काउंटींतील सुमारें ५८ हजार विद्यार्थ्यांपैकीं ७,३९६ विद्यार्थ्यांची शाळा बदलावयाची होती. गर्दी कमी करणें हा एक हेतु, पुढें होणाऱ्या तेराव्या हायस्कुलाचा अंदाज घेणें हा दुसरा, आणि गरिबांचीं मुलें थोड्याच शाळांत एकवटूं नयेत हा तिसरा. तीनही हेतु त्यांनीं उघडपणें सांगितले. आमचें मत विचाराल तर तीनही योग्य होते. परंतु तीन औषधें एकाच वाटींत दिलीं म्हणजे रोग्यास कडू कशानें लागलें हें कळत नाहीं, तसें येथें झालें. गर्दीचें कारण सांगितल्यावर लोक विचारूं लागले कीं, "आमची शाळा तर भरलेली नाहीं, मग आमचीं मुलें कां हलवितां?" आणि समतेचें कारण सांगितल्यावर म्हणूं लागले कीं, "गर्दीच्या नांवाखालीं हें काय चालविलें आहे?"

त्या काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयानें २००६ पासून 'सौजन्य पत्करा' अशा अर्थाचें एक ब्रीद चालविलें आहे. तें छापलेल्या चिठ्ठ्या लोकांच्या मोटारींवर डकवलेल्या असतात. त्याच मोटारींतून लोक सभांस गेले व त्या सभांत सौजन्य शोधूनही सांपडेना. रात्रीमागून रात्री साक्षी चालल्या. पत्रांचा खच पडला, व त्यांतील कांहीं पत्रांत काळ्या मुलांविषयीं असे शब्द होते कीं ते येथें उतरून घेण्याची आमची इच्छा नाहीं. तथापि विरोध करणारे सर्व लोक असल्या विचारांचे होते असें म्हणणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. ज्या आईची मुलगी चालत शाळेंत जाते, तिला पहांटे उठवून दूरच्या शाळेच्या गाडींत बसवावें लागणार, ही तक्रार खरी आहे. ज्या मुलास नव्या ठिकाणीं मिसळणें अवघड जातें व महाप्रयासानें दोन मित्र लाभले आहेत, त्याच्या बापाची चिंताही खरी आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या वयांत मित्र हेंच अर्धें जग असतें, हें आम्ही शिक्षक नाकारूं लागलों तर कोणी आम्हांस शिक्षक म्हणूं नये.

पण तिसरी एक तक्रार होती, आणि आमच्या स्नेह्यांची मुख्य तक्रार तीच होती, हें त्यांच्या संमतीनें सांगतों. ती म्हणजे, "ह्या शाळेसाठीं मीं घराला जास्त पैसे मोजले." हें म्हणणें निराधार नाहीं. सँड्रा ब्लॅक ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं १९९९ मध्यें बोस्टन शहराच्या उपनगरांतील घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या हद्दीच्या रेघेच्या अल्याडचीं व पल्याडचीं घरें त्यांनीं ताडून पाहिलीं: शेजार तोच, रस्ता तोच, फक्त शाळा निराळी. ज्या शाळेचे परीक्षेंतील गुण शेंकडा पांचांनीं अधिक, तिच्या बाजूच्या घरासाठीं लोक सुमारें अडीच टक्के अधिक किंमत देतात असें त्यांस आढळलें. सारांश, शाळेस फी नाहीं हें खरें, पण ती फी घराच्या किंमतींत अगोदरच भरलेली असते. आमच्या स्नेह्यांस आम्हीं उलट विचारलें कीं, घराच्या खरेदीखतांत शाळेचें नांव होतें काय? ते रागावले. पण कायद्याची स्थिति तीच आहे. अमुकच शाळेंत शिकण्याचा हक्क मेरिलंडच्या न्यायालयांनीं मानिलेला नाहीं. सार्वजनिक शाळा ही सर्वांच्या करांतून चालते; रेघेच्या पल्याडचा माणूसही तिचा धनीच असतो.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मेरिलंडमध्यें प्रत्येक काउंटीचें एकच शाळामंडळ असतें. सर्व संस्थानांत बाल्टिमोर शहर धरून अशीं अवघीं २४ मंडळें आहेत. शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत तीं पांचशें आहेत! जेथें मंडळें लहान, तेथें श्रीमंत गांव एका मंडळांत व गरीब गांव दुसऱ्यांत असतें, आणि मध्येंच भिंत उभी राहते. डेट्रॉइट शहराच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७४ मध्यें असा निर्णय दिला कीं, उपनगरांतील मंडळांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्यावांचून शाळांच्या एकीकरणासाठीं मंडळांच्या सीमा ओलांडण्यास त्यांस भाग पाडतां येणार नाहीं. म्हणून अमेरिकेंतील पुष्कळ उपनगरांत हॉवर्डसारखें भांडण होतच नाहीं. त्याचें कारण तेथील लोक अधिक समंजस आहेत हें नव्हे, तर हलवितां येईल अशी रेघच तेथें नाहीं. हॉवर्डमध्यें भांडण झालें, कारण तेथें निदान एका मंडळास दोन्ही शाळा एका नकाशावर पाहतां येत होत्या.

त्या मंडळांत लोकांनीं निवडून दिलेल्या प्रौढ सभासदांबरोबर एक विद्यार्थी सभासदही असतो. त्यास सहावी ते अकरावीच्या इयत्तांतील विद्यार्थी निवडतात, व पुष्कळ विषयांवर त्यास मत देतां येतें. त्याच्या ह्या मतावर पुढें कोर्टकज्जा झाला, तेव्हां २०२२ मध्यें मेरिलंडच्या वरिष्ठ न्यायालयानें तो अधिकार कायम राखला. आमच्या विद्यार्थ्यांचे डोळे ह्या ठिकाणीं चमकतील हें आम्ही जाणतों! पण त्यांनीं पुढचेंही वाक्य वाचावें: अंदाजपत्रक व शाळांच्या हद्दी हे विषय त्याच्या मताबाहेर ठेविले आहेत. ज्या प्रश्नाचा भार मुलांच्याच खांद्यावर पडतो, त्यांत मुलांच्या प्रतिनिधीस तोंड आहे पण हात नाहीं. हें बरोबर कीं चूक, ह्यावर आमच्या वक्तृत्वसभेनें एखादा वाद ठेवावा.

शेवटीं २०१९ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेस मंडळानें नकाशा मंजूर केला. तो मूळचा राहिला नव्हता. सुमारें ५,४०० विद्यार्थ्यांची शाळा बदलावयाची ठरली. कांहीं शाळांतील गर्दी कमी झाली, कांहींतील तशीच राहिली. तेरावें हायस्कूल तयार होत आलें तेव्हां, २०२२ मध्यें, रेघा पुन्हां काढाव्या लागल्या. सुमारें साडेसोळाशें जागांची ती शाळा पूर्वेकडेच, म्हणजे जेथें गर्दी होती तेथें, उघडली. आणि त्याच २०२३ च्या ऑगस्टांत शाळेच्या गाड्यांची नवी व्यवस्था पहिल्याच दिवसांत कोलमडली. कित्येक मुलें रस्त्याच्या कडेला गाडीची वाट पाहात उभीं राहिलीं. नकाशावर रेघ ओढणारास पेन्सिल पुरते, पण त्या रेघेप्रमाणें मुलांस नेण्यास रोज सकाळीं चालक लागतो.

आमच्या स्नेह्यांचा पत्ता नव्या रेघेच्या पल्याड गेला. त्यांनीं साक्ष दिली, अर्ज केला. कांहीं चाललें नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत त्यांची कन्या नव्या हायस्कुलांत दाखल झाली. म्हणजे काय झालें, तर स्वयंपाकघरांतील टेबलाशीं संगणक उघडून बसली. महामारीमुळें त्या काउंटींतील सर्व शाळा बंद होत्या. ज्या शाळेवरून वर्षभर एवढें रण माजलें, ती कोणत्या रस्त्यावर आहे ह्यास त्या वेळीं कांहींच अर्थ उरला नव्हता. पुढें २०२१ च्या मार्च-एप्रिलांत मुलांस टप्प्याटप्प्यानें शाळेंत बोलावूं लागले. पहिल्या दिवशीं, सहा-सात महिने ज्या शाळेची ती विद्यार्थिनी होती त्या शाळेच्या बोळांत, आपला वर्ग कोठें आहे हें तिला सांपडेना. जवळून जाणाऱ्या एका मुलीस तिनें विचारलें. ती मुलगी म्हणाली, "मीही तोच शोधीत आहे," आणि दोघी मिळून जिना चढूं लागल्या.